विषम सालची चढण

या वर्षी नदीला चढण अशी लागली आहे
की पुलावर बस थांबते,
ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली बघत राहतो
आणि कुणीही त्याला घाई करत नाही.

पाणी काळं दिसतं. ते पाणी नाही,
पाठी आहेत.

गोर्बुशा म्हणतात हिला इथे साखालीनवर, म्हणजे कुबडी.
समुद्रात असते तोवर सडपातळ, चांदीची;
गोड्या पाण्यात शिरली की नराला मदार फुटते,
जबडा वाकतो, दात बाहेर येतात,
आणि खाणं सुटतं.
सगळी चढण उपाशीपोटी.
तरी गळाचा चमचा चावते. का चावते
ते अर्काशाला विचारा, चाळीस वर्षं गळ टाकतोय.
तो म्हणतो, "राग."

ऑगस्टात आमच्या गावात कुणी पटकन दार उघडत नाही.
उघडलं की शेजारीण, हातात बादली:
"दोन घे ना. बरं, चारच घे."
फ्रीज भरला, आंघोळीचा टब भरला.
परवा झिनाइदा माझ्या सायकलच्या टोपलीत
तीन टाकून पळाली.
रात्री मी तिच्या पायरीवर पाच ठेवून आले.

नदीत आम्ही खांद्याला खांदा लावून उभे:
खाणीतले निवृत्त, गावचा दंतवैद्य,
आणि तो पोलीस, जो काल परवाने तपासत होता.
दोऱ्या एकमेकींत अडकतात, शिव्या अडकतात,
मासे आमच्या पायांमधून वाट काढतात
जसे आम्ही खांब आहोत.

हिला आयुष्य दोन वर्षांचं, त्यात सूट नाही.
म्हणून विषम सालची कुबडी वेगळी, सम सालची वेगळी.
एकच नदी, तेच गोटे, तीच अंडी घालायची जागा,
आणि ही दोन कुळं
एकमेकांना कधी भेटलेली नाहीत.

अप्पा सांगायचे
(आम्हा कोरियन लोकांत बापाला अप्पाच म्हणतात),
खाणीच्या बराकीत एका अंथरुणावर दोन माणसं,
एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा.
"त्याचं तोंड मी पाहिलं नाही.
उशी मात्र गरम असायची."

एकोणिसाव्या वर्षी जहाजात घालून आणलं त्यांना,
करार दोन वर्षांचा.
मग युद्ध संपलं, जपानी आपापल्या जहाजांतून गेले,
अप्पा बंदरावरच्या टेकडीवर बसून राहिले
हिवाळा येईपर्यंत.
त्यांचं जहाज आलं नाही.
मग माझी आई आली, बटाट्याचं शेत आलं, मी आले.

चढणीच्या दिवसांत ते गळ टाकत नसत.
काठावर पाट मांडून दुसऱ्यांचे मासे साफ करत,
गाभोळी बोटांनी सोडवत, एकही दाणा न फोडता,
आणि खारवणात सोडत.
मीठ पुरेसं झालं का, ते जीभ नाही सांगत.
कच्चा बटाटा टाकायचा.
तळाशी बसला तर अजून मीठ.
तरंगला की झालं.

एकदा कुणीतरी हसत म्हणालं,
"मान-सोक, बघ, माशाला पासपोर्ट लागत नाही."
अप्पांनी सुरी पुसली.
"घरी पोचून मरते ती," म्हणाले.
बराच वेळ काहीच नाही.
मग माझ्याकडे न बघता, "बटाटा आण."

आज माझ्या नातीच्या, स्तेशाच्या, गळाला
एक शेपटाकडून अडकली.
अशी ठेवायची नसते, सोडायची.
स्तेशाने गळ काढला, दोन्ही हातांनी पाण्यात धरली,
मग सोडली.

ती गेली नाही.
माझ्या रबरी बुटाच्या आडोशाला आली,
जिथे प्रवाह जरा कमी लागतो,
आणि थांबली, कल्ले उघडत, मिटत.
अर्धी शेपटी पांढरी पडली होती.

डावीकडून अर्काशा ओरडतोय,
दोरी गुंतली, सरक, सरक की!
पाय गारठून लाकूड झालाय.
थांब रे, म्हटलं.
इथे कुणीतरी टेकलंय.